तो तर नुसता बाहेर उभा होता

नमस्कार मॅडम,

आम्ही नाशिकला, इंदिरानगरात राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मी घरीच शिकवण्या घेते. मुलगा दहावीला आहे, दिवाळीनंतर त्याला सोळा वर्षं पूर्ण होतील. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी वर्गात पुस्तकांचं एक कपाट ठेवलंय. त्यातून त्याने एक अमेरिकन कादंबरी आणली. सोळा वर्षांचा पोरगा, त्याचे दोन मोठे मित्र दुकान लुटायला जातात, हा बाहेर लक्ष ठेवायला उभा राहतो, आत दुकानदाराचा जीव जातो. मग या पोरावर मोठ्या माणसांच्या कोर्टात खटला चालतो आणि वीस वर्षांच्या वर शिक्षा होते. मुलाने ते पुस्तक लागोपाठ दोनदा वाचलं. परवा जेवताना म्हणाला, “आई, पण तो तर नुसता बाहेर उभा होता!” मी म्हटलं, “ते अमेरिकेत रे. आपल्याकडे अठराच्या आतल्या मुलांना काही होत नाही.” तर म्हणाला, “नक्की ना?” तेव्हापासून गप्प गप्प आहे. क्लासच्या मुलांच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलाय. ह्यांचं म्हणणं, दहावीच्या वर्षात असली पुस्तकं हवीत कशाला, परत कर. पालकांच्या ग्रुपवर तर ते पुस्तक शाळेतूनच काढायला लावायचं चाललंय, त्यासाठी सह्या गोळा करतायत, शनिवारी मीटिंग आहे. पुस्तक काढून घ्यावं का? आपल्याकडे असं होतं का? आणि मी त्याला बोलले ते बरोबर होतं ना?

— एक आई

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. पुस्तकाचं काय करायचं ते चार दिवसांनी ठरवलं तरी चालेल, हे मात्र आजच निस्तरायला हवं. तुम्ही बोललात ते बरोबर नव्हतं. आईच्या मायेने बोललात, पण “अठराच्या आत काही होत नाही” हे वाक्य आपल्या गावात आयांपेक्षा दुसरेच लोक जास्त वापरतात. वीस-बावीसची पोरं पंधरा-सोळाच्या पोराला सांगतात: “तू घे हातात, तुला कोण काय करणार, तू अठराच्या आत आहेस.” वकिली करताना हे वाक्य मी पोरांच्या तोंडून ऐकलंय, आणि तेही सगळं होऊन गेल्यावर. तेच घरून, आईच्या तोंडून ऐकू आलं तर त्यावर शिक्का बसतो.

मग खरं काय आहे? थोडा कायदा सांगते, कंटाळू नका. तुमचा मुलगा हुशार दिसतो, तो नेमके प्रश्न विचारणार आणि तुम्हाला उत्तरं लागणार.

आधी अमेरिका, कारण पुस्तक तिथलं आहे. तिथे बऱ्याच राज्यांत असा नियम आहे की लुटीसारखा गंभीर गुन्हा करताना कोणाचा जीव गेला, तर त्या लुटीत सामील असलेला प्रत्येक जण खुनाला जबाबदार. गोळी कोणी झाडली, मारायचा इरादा होता का, हे मग दुय्यम. कादंबरीतला पोरगा त्यात अडकला. हे लेखकाने रंगवून सांगितलंय असं समजू नका. आर्कान्सास राज्यात 1999 साली चौदा वर्षांचा एक मुलगा दोघांबरोबर व्हिडिओ कॅसेटचं दुकान लुटायला गेला. एकाकडे बंदूक आहे हे त्याला वाटेत कळलं. बराच वेळ तो दाराबाहेर होता, मग आत गेला, आणि दुसऱ्याने काउंटरवरच्या बाईला गोळी घातली. या चौदा वर्षांच्या मुलाला मरेपर्यंत तुरुंग, सुटकेची शक्यताच नाही, अशी शिक्षा झाली. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नव्हता, कायद्यात तेवढी एकच शिक्षा लिहिलेली. 2012 साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आणि अलाबामातल्या आणखी एका चौदा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात सांगितलं, की अठराच्या आतल्यांना ही शिक्षा अशी सरसकट, वय न बघता देता येणार नाही. अठराच्या आत केलेल्या गुन्ह्याला फाशी देणंसुद्धा तिथे 2005 पर्यंत चालत होतं. तेव्हा मुलाला सांगा, तू वाचलंस ते तिथे घडतं, घडलेलं आहे.

आता आपल्याकडचं. आपला बाल न्याय कायदा 2015 चा, लागू झाला जानेवारी 2016 पासून. तुम्ही म्हणालात त्यातलं अर्धं खरं आहे ते या कायद्यामुळे. अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला बाल न्याय मंडळासमोर उभं करावं लागतं. या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत निदान एक बाई असावीच लागते. मंडळाने कोर्टाच्या आवारात बसायचं नाही असाही नियम आहे. मुलाला जामीन मिळणं हा नियम आणि नाकारणं हा अपवाद. जामीन नाकारला तर निरीक्षणगृहात, म्हणजे आपल्याकडे उंटवाडीला. तिथून तुमचं इंदिरानगर किती लांब आहे ते मी सांगायला नको. आणि गुन्हा सिद्ध झाला तरी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, तीही बहुतेक वेळा नाही. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या ताब्यात देणं, असे बरेच मार्ग मंडळापुढे असतात.

इथपर्यंत तुमचं म्हणणं टिकतं. पुढचं ऐका.

सोळा पूर्ण झाले आणि गुन्हा ‘अतिगंभीर’ वर्गातला असेल, म्हणजे कायद्यात ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा लिहिलीय असा, तर मंडळ एक प्राथमिक मूल्यांकन करतं. या मुलाची तो गुन्हा करण्याची शारीरिक आणि मानसिक कुवत होती का, परिणाम समजण्याची अक्कल होती का, कोणत्या परिस्थितीत केला, हे बघतात. त्यावरून त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, ते ठरतं. चालवायचा ठरलं तर प्रकरण मंडळाकडून बाल न्यायालयाकडे, म्हणजे सत्र न्यायालयाच्या दर्जाच्या कोर्टाकडे जातं. तिथे शिक्षा झाली तर एकवीस पूर्ण होईपर्यंत ‘सुरक्षित स्थळी’, म्हणजे तुरुंगाबाहेरच्या वेगळ्या बंद संस्थेत ठेवतात. मग न्यायालय बघतं, हा सुधारलाय का. नसेल तर उरलेली शिक्षा मोठ्यांच्या तुरुंगात. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप नाही. पण जन्मठेप नाही असं कायदा म्हणत नाही.

दिवाळीनंतर तुमच्या मुलाला सोळा पूर्ण होतायत. वय मोजतात ते गुन्हा घडला त्या दिवशीचं. केस केव्हा उभी राहिली, निकाल केव्हा लागला, याने फरक पडत नाही. म्हणून कायद्याच्या दृष्टीने त्याच्यासाठी ही दिवाळी महत्त्वाची आहे, आणि हे त्याला माहीत असायला काहीच हरकत नाही. आपण मुलांना सोळाव्या वर्षी गिअरशिवायच्या छोट्या गाडीचा परवाना मिळू शकतो हे आवर्जून सांगतो. हे कोणी सांगत नाही.

या मूल्यांकनाबद्दल माझं मत विचाराल तर तो या कायद्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. एखाद्या पोराने मागे कधीतरी एका रात्री काय केलं, तेव्हा त्याच्या डोक्यात किती समज होती, हे आज समोर बसवून कसं मोजायचं? 2022 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की हे नाजूक काम आहे आणि मंडळात मानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे. कादंबरी लिहायची तर आपल्याकडे या मूल्यांकनाच्या खोलीवर लिहायला हवी, निकालाच्या दिवसावर नाही. असो, हे विषयांतर झालं.

आता मुलाच्या मूळ प्रश्नावर येते. बाहेर उभ्या असलेल्याला आपल्याकडे काय?

आपल्याकडे अमेरिकेसारखा सरसकट नियम नाही. नुसतं हजर असणं हा गुन्हा नाही. रस्त्याने जाताना भांडण दिसलं, थांबलात, बघत राहिलात, तर तुम्ही साक्षीदार. पण सगळ्यांचा मिळून इरादा असेल आणि त्यातलं काही काम तुम्ही केलंत, तर प्रत्येकाने ते कृत्य एकट्याने केल्यासारखं धरतात. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम 34 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 3 मध्ये आहे. आणि बाहेर उभं राहून लक्ष ठेवणं हे काम आहे. शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या एका पोस्ट ऑफिसात लुटायला आलेल्यांनी पोस्टमास्तरला गोळी घातली. पकडला गेलेला तरुण म्हणाला, मी तर अंगणात उभा होतो, मला घाबरवून आणलं होतं. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या आपल्या सगळ्यात वरच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथे उत्तर मिळालं की उभं राहून वाट बघणारासुद्धा कामातच असतो. आजही आपल्या कोर्टांत त्या निकालाचा दाखला देतात. मुलाला सांगा, तुझा प्रश्न फार जुना आहे.

आणखी एक. पाच किंवा जास्त जणांनी मिळून लूट केली तर तो दरोडा. दरोड्यात त्यांच्यापैकी एकाने जरी खून केला तरी सगळ्यांना शिक्षा: फाशी, जन्मठेप, किंवा कमीत कमी दहा वर्षं. ‘कमीत कमी दहा’ म्हणजे वर सांगितलेल्या अतिगंभीर वर्गात सरळ बसलं. तेव्हा चार मित्र आणि पाचवा दाराशी, हे गणित आपल्याकडेही फार वेगळं नाही.

नाशिकच्या मुलाला हे समजावायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. गोल्फ क्लबच्या मैदानावर तो खेळला असेलच. त्या मैदानाला नाव हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या एकट्या अनंतने, तेव्हा तो पुरता अठराचाही नव्हता. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली ती त्याच्यासह कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांनाही. एका क्रांतिकारकाची आणि दुकान लुटणाऱ्यांची बरोबरी मी करत नाहीये, कृपया कोणी पत्रं पाठवू नका. पण ‘ज्याने हात चालवला नाही त्याला काय’ हा प्रश्न आपल्या गावाने एकदा फार जवळून बघितलाय, आणि सरकारने त्याचं उत्तर काय दिलं तेही. फाशी गेलेल्यांत वयाने सगळ्यात लहान होता त्याचं वय कोणी आडवं येऊ दिलं नाही. तेव्हाच्या आणि आताच्या कायद्यात जे अंतर आहे ते मुलाला नक्की दाखवा. ते आपोआप पडलेलं नाही, माणसांनी भांडून पाडलंय.

कायदा पुरे. आता मला तुमच्या पत्रात खरं काय टोचलं ते सांगते.

मुलगा पुस्तक दोनदा वाचतो. जेवताना नेमका एकच प्रश्न विचारतो. तुम्ही धीर दिलात तर “नक्की ना?” म्हणतो. आणि मग क्लासच्या ग्रुपमधून बाहेर पडतो. या चार गोष्टी एकत्र ठेवल्या तर, कदाचित, प्रश्न पुस्तकातल्या पोराबद्दल नसेलही. कदाचित म्हणतेय. पंधरा-सोळाची मुलं चांगलं पुस्तक दोनदा वाचतात, आठवडाभर गप्प होतात, ग्रुपमधून रागावून बाहेर पडतात आणि परत येतात. सगळं निव्वळ पुस्तकाचंही असू शकतं. पण त्याच्या ओळखीतल्या कोणीतरी काहीतरी केलंय, किंवा करायचं ठरवतायत, किंवा यालाच ‘नुसता ये, उभा राहा’ म्हणून बोलावलंय, हेही असू शकतं. टपरीवर झालेली मारामारी असेल, कोणाच्या वाढदिवसाला कोयत्याने केक कापतानाचा व्हिडिओ असेल, कोणाची तरी उचललेली गाडी असेल. किंवा यातलं काहीच नाही. मला इथून दिसत नाही. तुम्हालाही अजून दिसलेलं नाही, म्हणून लगेच त्याचा फोन उघडायला जाऊ नका.

विचारायचं कसं? समोर बसवून, दोघांनी मिळून, “खरं सांग” असं अजिबात नाही. ती चौकशी होते, आणि चौकशीत शहाणं पोरगं वकिलासारखं उत्तर देतं. त्याला गाडीवर मागे बसवा आणि सोमेश्वरपर्यंत चक्कर मारून या. एकमेकांचं तोंड दिसत नसलं की मुलं बोलतात. आणि त्याच्याबद्दल विचारू नका, पुस्तकातल्या पोराबद्दल विचारा. एकच विचारा: “त्याने नेमकं कधी घरी निघून यायला हवं होतं?” मित्रांनी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा? निघताना? दुकान दिसलं तेव्हा? दाराशी उभं राहायला सांगितलं तेव्हा? अशा कादंबऱ्यांची ताकद इथेच असते. ते पोरगं वाईट नसतं, फक्त प्रत्येक वळणावर निघून जाणं त्याला थोडं जास्त अवघड होत जातं. तुमचा मुलगा यावर काय बोलतो ते मध्ये न तोडता ऐका. तो कोणत्या वळणापाशी अडखळतो तेही लक्षात येईल.

त्याआधी, पण त्याच फेरीत, आपलं परवाचं वाक्य मागे घ्या. “मी त्या दिवशी सांगितलं ते पूर्ण खरं नव्हतं, मी नीट माहिती काढली,” एवढंच. मुलांना आईबाप चुकले याचं काही वाटत नाही, चुकूनही तेच रेटतात याचं वाटतं.

समजा, तो काही बोलला. मग चार गोष्टी सांगते, त्या मात्र शब्दशः पाळा. पहिली, त्याच्यावर ओरडू नका, त्या रात्री तरी नाही. ह्यांनाही आधीच सांगून ठेवा. दुसरी, फोनमधलं काहीही पुसायला लावू नका. मेसेज, फोटो, व्हिडिओ, काहीही. घाबरलेले आईवडील सगळ्यात आधी हेच करतात. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि बऱ्याचदा त्या पुसलेल्या मेसेजमध्येच मुलगा ‘मी येणार नाही’ म्हणालेला असतो. तिसरी, ओळखीच्या नगरसेवकाकडे, कोणा भाऊंकडे, ‘पोलिसात आपला माणूस आहे’ वाल्याकडे जाऊ नका. त्यांच्याकडून काम होवो न होवो, गोष्ट गावभर नक्की होते. चौथी, वकिलाकडे जा. पैशांची अडचण असेल तर सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. मुलांना आणि बायकांना उत्पन्नाची अट न बघता तिथे मोफत वकील मिळतो, हा 1987 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, मेहेरबानी नाही. फोन करायचा तर 15100. मुलाला स्वतःला कोणाशी बोलायचं असेल तर 1098.

समजा, काही झालेलं नाही, पण होऊ शकतं असं वाटलं. मग त्याच्याबरोबर एक ठरवून ठेवा. कुठेही असला, कितीही वाजले असले, त्याने तुम्हाला ठरलेला एक साधा मेसेज करायचा, “आजीला बरं आहे का?” असा काहीही. तुम्ही लगेच फोन करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला झापायचं आणि घरी बोलवायचं. मित्रांसमोर त्याची लाज राहते, शिव्या तुम्हाला पडतात. आणि मग घरी आल्यावर सकाळपर्यंत एकही प्रश्न नाही. ही शेवटची अट सगळ्यात अवघड, मला माहितेय. ती तुम्ही एकदा मोडलीत की तो मेसेज परत येणार नाही.

आता ह्यांचं. त्यांचा राग पुस्तकावर आहे, पण त्याखाली भीती आहे, आणि ती खोटी नाही. अंबडला, सातपूरला कंपनीच्या गेटवर उभं राहणारा बाप रोज बघत असतो की कोणाचं पोरगं कोणाबरोबर फिरतंय. फक्त पुस्तक काढून घेतलं तर मुलाला एकच गोष्ट कळेल: या घरात हा विषय बोलायचा नाही. पुस्तक तर त्याचं दोनदा वाचून झालंय! काढून घेऊन काय जाणार आहे? त्यापेक्षा ह्यांना सांगा, रविवारी मुलाकडून ती गोष्ट मराठीतून ऐकून घ्या. वाचायला वेळ नसेल तर ऐकायला आहेच. आणि सांगताना दहावीतलं पोरगं बापाला कायदा शिकवतंय, यात बापाचं काही कमी होत नाही. बाकी दहावीच्या अभ्यासाचं म्हणाल, तर इंग्रजीतली अख्खी कादंबरी लागोपाठ दोनदा वाचणाऱ्या मुलाच्या इंग्रजीच्या पेपरची काळजी मी करणार नाही. गणिताचं तुम्ही बघा.

आणि पंधराव्या वर्षी असं पुस्तक हातात असावं का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे. आपल्याकडची किशोर कादंबरी बरीचशी सुट्टीतलं साहस, भुयार, गड, चोर पकडणं यात रमलेली. तिच्यात गुन्हा असला तरी पकडणारी मुलं आपली असतात आणि पकडले जाणारे परके. पकडलं जाणारं पोरगं आपल्याच गल्लीतलं, आपल्याच वर्गातलं, बऱ्यापैकी मार्क मिळवणारं असू शकतं, ही गोष्ट मुलांना कोणी सांगायची? पालक सांगत नाहीत, शाळा सांगत नाही. बातमीत ‘अल्पवयीन संशयित’ एवढे दोन शब्द येतात आणि पुढे फक्त कॉमेंट्स. पुस्तक निदान त्या दोन शब्दांच्या आत जाऊन तीनशे पानं बसतं. ते कठोर आहे म्हणून वाईट, हे मला पटत नाही. शिक्षा कठोर दाखवली आणि पोराला मात्र पुठ्ठ्याचा केला, असं असतं तर मीही म्हटलं असतं, परत करा. पण पुठ्ठ्याच्या पोरासाठी कोणी जेवताना “नुसता बाहेर उभा होता” असं कळवळून म्हणत नाही.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती पुस्तकाविरुद्ध नाही. परदेशी कायदा वाचून मुलं एकतर फार घाबरतात किंवा तुमच्यासारखं उत्तर मिळून फार निर्धास्त होतात. म्हणून शनिवारच्या मीटिंगला जा, आणि पुस्तक ठेवावं असं बोला. एकट्या पडाल, पडा. इंग्रजीच्या बाईंना सुचवा की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला शाळेने पत्र द्यावं. शाळांमध्ये कायद्याच्या माहितीची सत्रं ते घेतात. आठवी ते दहावीच्या मुलांना बाल न्याय कायदा तासाभरात समजावून सांगता येतो. मुलांना चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न लिहायला सांगावं, म्हणजे खरे प्रश्न येतात. ‘नुसता बाहेर उभा राहिला तर?’ हा त्यात एकट्या तुमच्या मुलाचा नसेल, बघा.

आणि मीटिंगमध्ये वेळ उरला तर पालकांना त्यांच्या ग्रुपबद्दलही एक सांगा. मागे कुठल्याशा मारामारीचं सीसीटीव्ही फुटेज, मुलांचे चेहरे दिसतायत असं, ग्रुपवर फिरलं असेलच, सगळ्याच ग्रुपवर फिरतं. कायद्यात अडकलेल्या मुलाची ओळख उघड करायला, नाव, फोटो, शाळा, पत्ता, काहीही, याच बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने बंदी आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका कादंबरीने मुलं बिघडतील म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते फुटेज पुढे पाठवलं होतं, एवढं फक्त विचारा. सह्यांचा कागद आपोआप बाजूला पडेल.